जुन्या रिमोटचं सॉफ्टवेअर नव्या लॅपटॉपवर चालवून देतो म्हणून ११,७५० रुपये घेतले, आणि रिमोट कोरा करून परत दिला

आकडा आधी लिहितो. लाजेपायी आकडा लपवला की फसवणाऱ्याचंच फावतं. केबलचे २,४५० रुपये, "विंडोज ११ च्या लायसन्स आवृत्ती"चे ३,८००, घरच्या लॅपटॉपवर ॲनीडेस्कवरून (दुरून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं ॲप) "साइन्ड ड्रायव्हर" टाकण्याचे १,५००, आणि शेवटी "डेटा रिकव्हरी"चे ४,००० रोख, पावतीशिवाय. एकूण ११,७५०. यातल्या दोन वस्तू जगात अस्तित्वातच नाहीत आणि तिसरी फुकट मिळते.

रिमोट फिलिप्सचा प्रोंटो, टीएसयू २०००. टचस्क्रीनचा, कॉम्प्युटरवरून प्रोग्राम होणारा. त्याची सगळी पानं, बटणं आणि दुसऱ्या रिमोटांकडून शिकवलेले कोड एका सीसीएफ फाइलमध्ये असतात आणि ती फाइल प्रोंटोएडिट या प्रोग्राममधून सीरियल केबलने (जुन्या कॉम्प्युटरच्या नऊ पिनांच्या पोर्टला लागणाऱ्या वायरीने) रिमोटमध्ये जाते. जुना विंडोज एक्सपीचा डेस्कटॉप गेला, त्याच्या डिस्कबरोबर मूळ फाइलही गेली. म्हणजे घरातल्या प्रोजेक्टरच्या, ॲम्प्लिफायरच्या आणि प्रोजेक्टरचा पडदा वर-खाली करणाऱ्या मोटरच्या कोडची एकमेव प्रत आता रिमोटच्याच पोटात. नवा लॅपटॉप विंडोज ११ चा, त्याला सीरियल पोर्ट नाही. रिमोटचं काम येतं, कोड वाचता येतात, पण ड्रायव्हर (विंडोजला केबल ओळखता यावी म्हणून लागणारा छोटा प्रोग्राम) आणि बूट सेटिंग हे कॉम्प्युटरवाल्याचं काम, ते त्यानंच करावं, या विचारात आजही काही गैर वाटत नाही. नागपुरात सीताबर्डीवरच्या एका दुकानात "जुने सीरियल, पॅरलल सॉफ्टवेअर चालवून मिळतील" असा बोर्ड होता. विश्वास ठेवायला एवढं पुरेसं नसावं का?

"होऊन जाईन भाऊ, असे कितीतरी केले," हे पहिलं वाक्य. पुढचं सगळं तुम्हाला माहीतच आहे. आधी थोडे, मग "एवढंच राहिलं", मग "आता मधात सोडलं तर आधीचे पण जातीन".

लायसन्सचं आधी सांगतो, कारण त्याचाच राग जास्त आहे. प्रोंटोएडिट फिलिप्सनं कधी विकलंच नाही. रिमोट घेणाऱ्याला ते फुकट उतरवून घेता यायचं. त्याची विंडोज ११ साठी वेगळी आवृत्ती नाही. ३,८०० रुपयांत पेनड्राइव्हवर मिळालं ते तेच जुनं सेटअप, फक्त आयकॉन बदललेला, आणि सोबत नोटपॅडच्या फाइलमध्ये पंचवीस अक्षरांची "की". ती की प्रोग्राम कुठेच मागत नाही. कुठे टाकायची विचारलं तर, "आतून टाकून दिली न भाऊ." कोणताही जुना रिमोट प्रोग्राम लायसन्सच्या नावानं कोणी विकत असेल तर आधी एवढंच विचारा: मूळ कंपनी याचे पैसे घ्यायची का?

असे प्रोग्राम नव्या मशीनवर का अडतात ते समजून घ्या, कारण त्या अडण्याचेच पैसे लावले जातात. नव्वदच्या दशकाच्या शेवटच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्राम ३२ बिटचा असतो, पण त्याला बसवणारा इन्स्टॉलर १६ बिटचा. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं आणि ६४ बिट विंडोज १६ बिटचं काहीही चालवत नाही. म्हणून "हे ॲप तुमच्या पीसीवर चालणार नाही" अशी पाटी येते आणि माणसाला वाटतं प्रोग्रामच मेला. इन्स्टॉलर सेव्हन-झिप या फुकट प्रोग्रामनं उघडून आतल्या फाइल बाहेर काढा. नाही उघडला तर एखाद्या जुन्या एक्सपी मशीनवर बसवून अख्खा फोल्डर उचलून आणा. पुष्कळदा तेवढ्यावर चालू होतो. एखादी डीएलएल किंवा ओसीएक्स (प्रोग्रामला लागणारी जोडफाइल) नाही म्हणून ओरडला तर ती ३२ बिटची फाइल प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये ठेवून बघा. विंडोजमध्येच टाकायची झाली तर ती सिसवाव६४ मध्ये जाते, सिस्टम३२ मध्ये नाही. नावावरून उलटं वाटतं आणि इथेच बहुतेक जण चुकतात. प्रोग्राम फाइल्समध्येही बसवू नका. जुना प्रोग्राम स्वतःच्याच फोल्डरमध्ये फाइल लिहायला जातो, विंडोज ते लिखाण गुपचूप व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरमध्ये वळवतं, आणि केलेलं काम "गायब" होतं. सरळ सी ड्राइव्हवर वेगळा फोल्डर करा.

या गायब होण्याचे पैसे आमच्याकडून मागितले नाहीत, पण दुकानात शेजारी उभ्या एका काकांच्या टॅलीच्या जुन्या डेटासाठी तेच "रिकव्हरी" प्रकरण चालू होतं. तेव्हा कळायला हवं होतं.

आता केबल. २,४५० रुपयांची. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला हेडफोनसारखी साडेतीन मिलिमीटरची पिन, मधे काळी हीटश्रिंक नळी. नंतर नळी कापली तेव्हा आत यूएसबी ते टीटीएलचं छोटं बोर्ड निघालं. रिमोटला लागतो आरएस-२३२ सिग्नल. टीटीएल शून्य ते पाच व्होल्टमध्ये चालतं, आरएस-२३२ उणे आणि अधिक अशा दोन्ही बाजूंना किमान ३ ते कमाल १५ व्होल्टपर्यंत जातं, आणि दोघांचं शून्य-एक एकमेकांच्या उलट असतं. मधे मॅक्स-२३२ सारखी लेव्हल बदलणारी चिप नसेल तर अशी केबल जन्मात चालणार नाही. त्या बोर्डावर तशी चिप ठेवायला जागासुद्धा नव्हती.

पैसे देण्याआधी हे तपासायला दोन मिनिटं लागतात. नऊ पिनांचा यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर घ्या, लॅपटॉपला लावा, पुटी या फुकट प्रोग्राममधून त्याचा कॉम पोर्ट (विंडोज सीरियल केबलला देतं ते नाव, कॉम १, कॉम २ असं) उघडा, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि पिन ३ व पिन ५ मध्ये मोजा. काहीही पाठवत नसताना उणे पाचच्या आसपास किंवा त्याखाली दिसायला हवं. अधिक तीन किंवा अधिक पाच दिसलं तर वस्तू टीटीएलची आहे, परत करा. पिन २ आणि ३ तारेनं जोडून पुटीमध्ये अक्षरं टाइप केली आणि तीच परत दिसली, तर ड्रायव्हर आणि चिप ठीक. पण लक्षात ठेवा, ही परीक्षा टीटीएलची केबलसुद्धा पास होते. दुकानात आम्हाला हीच अक्षरं दाखवली होती. मीटर घरी राहिलं होतं.

"साइन्ड ड्रायव्हर" हा शब्द कानावर पडला की उठून या. त्या बोर्डावरची चिप प्रोलिफिकच्या पीएल२३०३ ची नक्कल होती. नकली आणि जुन्या चिपांना नवा ड्रायव्हर ओळखून नाकारतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि कोड १० येतो, किंवा नावाच्या जागी "ही चिप २०१२ पासून बंद आहे, विक्रेत्याशी बोला" अशा अर्थाची इंग्रजी ओळ येते. ती ओळ म्हणजे कंपनीनं स्वतः लिहिलेली तक्रार आहे. त्यावर उपाय ड्रायव्हर विकत घेणं नाही. एफटीडीआय कंपनीची खरी चिप असलेला कन्व्हर्टर घ्या, त्याचा ड्रायव्हर विंडोज स्वतः आणतं. कॉम पोर्टचा नंबरही बघा. जुने प्रोग्राम बहुतेक कॉम १ ते ४ एवढेच ओळखतात आणि विंडोज नव्या केबलला ७ किंवा ११ देतं. डिव्हाइस मॅनेजर, पोर्ट्स, प्रॉपर्टीज, पोर्ट सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड, तिथे नंबर बदला. फुकटचं काम आहे.

त्या १,५०० रुपयांत आमच्याकडून आधी बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट (लॅपटॉप सुरू होताना परकं काही चालू न देणारं कुलूप) बंद करून घेतलं, मग ॲनीडेस्कवरून टेस्ट साइनिंग (मान्यता नसलेली सहीसुद्धा चालवून घेणारं विंडोजचं सेटिंग) चालू केलं. काम झालं नाही ते नाहीच, वर लॅपटॉप कोणीही घरी सही ठोकलेल्या ड्रायव्हरला उघडा पडला. ॲनीडेस्कमध्ये कोणी समोर नसतानाही आत येता येईल असा पासवर्ड टाकून ठेवला होता, तो आठवडाभरानं दिसला. डेस्कटॉपच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात "टेस्ट मोड" दिसत असेल तर ते आजच बंद करा, सिक्युअर बूट परत चालू करा आणि ॲनीडेस्क काढून टाका. बँकेचे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला.

आणि आता ती वेळ, जी रोज रात्री डोळ्यापुढे येते.

दुकानात सांगितलं, "बॅकअप घेतला भाऊ, हे पहा." स्क्रीनवर फाइल होती, नावात आमचं आडनाव. उघडल्यावर रिमोटचं चित्र आलं, माउसनं बटण दाबलं की पान उलटत होतं. ते प्रोंटोएडिटचं एम्युलेटर, म्हणजे स्क्रीनवरचा नकली रिमोट होता. रिमोट नसला तरी, केबल नसली तरी ते चालतं. टेबलावर ठेवलेल्या खऱ्या रिमोटचा पडदा तेवढा वेळ जसाच्या तसा होता आणि आम्ही स्क्रीनकडे बघत होतो! वर फाइलच्या शेजारी "बदलल्याची तारीख" लिहिलेली होती: २००१. आज रिमोटमधून ओढलेल्या फाइलवर आजची तारीख असते. विंडोजमध्ये नाव बदललं तरी बदलल्याची तारीख बदलत नाही. ती प्रोग्रामबरोबर येणारी नमुन्याची फाइल होती, फक्त आडनाव चिकटवलेलं. तारीख दिसली, नजर तिच्यावर गेलीसुद्धा, आणि वाटलं की रिमोट जुना आहे म्हणून तारीख जुनी असेल. इथे थांबायला हवं होतं. थांबलो असतो तर ५,५०० रुपये वाचले असते आणि रिमोटही वाचला असता. कारण त्या "बॅकअप"च्या भरवशावर रिमोट मूळ कारखान्याच्या अवस्थेत नेऊन पुसला गेला. मग ड्रायव्हरचे १,५००, आणि पुसलेलं परत आणायचे ४,०००.

बॅकअप म्हणजे फाइल दिसणं नव्हे. रिमोटमधून ओढलेल्या फाइलमध्ये तुमच्या पडद्याचं, तुमच्या ॲम्प्लिफायरचं पान आहे का ते उघडून बघा, ती स्वतःच्या पेनड्राइव्हवर घ्या, मगच रिमोटला कोणाचा हात लागू द्या.

त्यानंतर तारखा सुरू झाल्या. "मारबत होऊ द्या भाऊ." मारबत, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची नागपूरची मिरवणूक, झाली. "गणपती बसले का करतो." गणपती बसले, उठले. मग फोन उचलणं बंद.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तात. दुसऱ्या दिवशी अर्ज वाचून उत्तर मिळालं, "रिमोट चालत नाही ही काय तक्रार झाली? दोनशेचा दुसरा घ्या न." दुसरा रिमोट घेऊन तो प्रश्न सुटत नाही हे समजावण्यात पाऊण तास गेला आणि शेवटी "हा पैशाचा वाद आहे, ग्राहकवाल्यांकडे जा." सायबरचं टेबल वेगळं, तिथे म्हणणं असं की दुकान समोर आहे, माणूस दिसतो आहे, मग हे सायबर कसं? ॲनीडेस्कचा लॉग छापून नेला होता, तो हातातसुद्धा घेतला नाही. बँकेत सांगितलं, यूपीआयचा पिन तुम्हीच टाकला, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीचा. १,५०० रुपये दुकानाच्या नव्हे, तिसऱ्याच माणसाच्या नावावर गेले आहेत, हे तिथल्या पडद्यावर स्पष्ट दिसत होतं. "आम्ही नोंद घेतली." कसली नोंद? नंबर मागितला तर दिला नाही. एका माणसाला सहा खिडक्या फिरवायच्या आणि प्रत्येक खिडकीनं दुसरीकडे बोट दाखवायचं, म्हणजे सातव्या दिवशी तो घरी बसतो. फसवणाऱ्याला हे चांगलं माहीत असतं. त्याचा धंदा जेवढा खोट्या केबलवर चालतो तेवढाच या खिडक्यांवर चालतो.

म्हणून तोंडी बोलू नका. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० वर त्याच तासाला फोन करा, उद्या नाही. पोलिसांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या, त्यात भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ (४) लिहा. ठाण्यानं नोंद नाकारली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (४) प्रमाणे तोच अर्ज वरिष्ठांना पोस्टानं पाठवता येतो. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. आमच्याकडे ६,२५० ची हातानं लिहिलेली चिठ्ठी आहे, "कॉम्प्युटर सर्व्हिस" एवढंच लिहिलेली, जीएसटी नंबर नाही. तुम्ही बिलावर वस्तूचं नाव, चिपचं नाव आणि "चालली नाही तर परत" हे लिहून घ्या. रोख देऊ नका.

जे काम ११,७५० मध्ये झालं नाही ते शेवटी असं झालं. व्हर्च्युअल बॉक्समध्ये (लॅपटॉपच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारा फुकट प्रोग्राम) ३२ बिट एक्सपी, जुन्या डेस्कटॉपच्याच लायसन्सवर. ५१२ एमबी मेमरी, १० जीबी डिस्क. नेटवर्क पूर्ण बंद, कारण एक्सपीला सुरक्षा अपडेट मिळणं एप्रिल २०१४ मध्येच थांबलं. यूएसबी आत पाठवण्याच्या फंदात पडू नका. व्हर्च्युअल बॉक्सच्या सीरियल पोर्ट सेटिंगमध्ये पोर्ट १ चालू करा, मोड "होस्ट डिव्हाइस" ठेवा आणि पाथमध्ये बाहेरच्या केबलचा कॉम नंबर लिहा. आतल्या एक्सपीला तो साधा कॉम १ दिसतो, आत एकही ड्रायव्हर टाकावा लागत नाही. केबल एफटीडीआयचा नऊ पिनांचा कन्व्हर्टर, त्याला रिमोटबरोबर आलेली मूळ सीरियल वायर. रिमोटची बॅटरी पूर्ण भरलेली हवी आणि लॅपटॉपची स्लीप बंद, कारण फाइल जाताना मधेच तुटली तर पुन्हा पहिल्यापासून.

जोडणी पहिल्याच रात्री झाली. पण रिमोटमध्ये ओढण्यासारखं काही उरलंच नव्हतं. प्रोजेक्टरचे आणि ॲम्प्लिफायरचे कोड मूळ रिमोट समोर धरून परत शिकवले. जे बटण मूळ रिमोटवर नाही, त्याचा प्रोंटो हेक्स कोड (बटणाचा सिग्नल चार-चार अक्षरांच्या शब्दांत लिहिलेला) शोधून टाकला. त्यात दुसरा शब्द ००६डी असेल तर वाहक लहर (ज्या वेगानं रिमोटचा प्रकाश लुकलुकतो तो वेग) ३८ किलोहर्ट्झच्या आसपास, ००६७ असेल तर ४०. उपकरणाशी जुळत नसेल तर तो कोड दुसऱ्याच कोणाचा आहे. पडद्याच्या मोटरचा रिमोट मात्र कधीच हरवलेला, त्याच्या रिसीव्हरवर कंपनीचं नाव नाही, आणि वर, खाली, थांब या तीन बटणांचे कोड फक्त पुसलेल्या त्या फाइलमध्ये होते. पडदा आता स्टुलावर चढून हातानं दाबायच्या स्विचवर चालतो.