ट्रायप्लाय स्टीलची कढई: धनत्रयोदशी ते गणपती, रोजच्या वापरानंतर

मागच्या धनत्रयोदशीला २४ सेंमीची ट्रायप्लाय, म्हणजे तीन थरांच्या पत्र्याची, कढई घेतली. पोहे, उपमा, सुक्या भाज्या, पिठलं, सगळं तिच्यातच होतं. आता गणपती तोंडावर आलेत, तेव्हा मत द्यायला हरकत नाही.

आधी दर्जाचं. भांड्यांच्या दुकानात लोहचुंबक लावून दाखवतात, ‘बघा ताई, चिकटत नाही, म्हणजे अस्सल ३०४.’ त्याला भुलू नका. ३०४, २०२, ४३० ही स्टेनलेस स्टीलच्या ग्रेडची नावं. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. स्वस्तातल्या २०२ मध्ये महागडं निकेल कमी करून मँगनीज घालतात आणि तेही चुंबकाला दाद देत नाही. उलट इंडक्शनवर चालणाऱ्या ट्रायप्लायला बाहेरून चुंबक चिकटायलाच हवा, कारण बाहेरचा पत्रा बहुतेक वेळा चुंबकाला चिकटणाऱ्या ४३० चा असतो. आत ३०४, मधे ॲल्युमिनियम. म्हणून भांड्यावर आयएसआय चिन्ह आणि आयएस १४७५६ हा स्टीलच्या भांड्यांच्या भारतीय मानकाचा क्रमांक बघा, बिलावर ग्रेड लिहून मागा. लिहून द्यायला का कू करणारा दुकानदार असेल तर पुढचं दुकान गाठावं.

दुसरं, कढईची कड नीट निरखा. माझ्या कढईच्या काठावर दोन चकचकीत रेघांमधे एक मळकट करडी रेघ दिसते, तेच ॲल्युमिनियम. नुसती तळाला चकती बसवलेली असेल तर ही रेघ वर काठापर्यंत येत नाही. काहींचा काठ दुमडून बंद केलेला असतो, तिथे मात्र ही खूण चालणार नाही.

या मधल्या थराचेच तर पैसे मोजायचे. ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा दहा-पंधरा पट चांगली उष्णता वाहून नेतं. जुन्या पातळ कढईत बर्नरच्या गोलावरच्या बटाट्याच्या काचऱ्या करपायच्या आणि कडेच्या कच्च्या राहायच्या. हिच्यात कडेच्याही खमंग होतात.

चिकटतं का? चिकटतं, घाई केली तर. मध्यम आचेवर कोरडी कढई तापवून पाण्याचा थेंब टाकायचा. चुर्र करून आटला तर थांबा. पाऱ्यासारखा गोळी होऊन पळाला की आच कमी करा, तेल घाला, मग फोडणी. पोहे सुरेख सुटतात. पिठल्याला खाली खरवड धरते, पण ती आमच्याकडे भांडून खातात, त्यामुळे नॉनस्टिकची आठवण कुणी काढत नाही. घावन आणि थालीपिठाला मात्र बिडाचा तवाच. तिथे स्टीलचा हट्ट करू नये.

नवी कढई वापरण्याआधी तेलाच्या बोळ्याने पुसा. पॉलिशची काळी पूड निघते, ती साबणाने एकदम जात नाही. जास्त तापली की आत निळी-जांभळी झाक येते. घाबरायचं कारण नाही, वरचा ऑक्साइडचा थर जाड झालेला असतो. लिंबाची फोड फिरवली की गेली. बोअरच्या पाण्याचे पांढरे डागही त्यानेच जातात. मीठ मात्र पाण्याला उकळी आल्यावरच घाला. गार पाण्यात तळाशी बसलेलं मीठ स्टीलला बारीक टोचे पाडतं, ते घासून जात नाहीत. करपलं तर पाणी आणि खायचा सोडा घालून उकळा, निवल्यावर लाकडी उलथन्याने खरवडा. भांडी घासणाऱ्या मावशींना तारेची घासणी बंद करायला सांगून झालं. चरे पडतात ते पडतात, पण तारेचे तुकडे ओल्या कढईत राहून गंजतात आणि कढईलाच गंज चढल्यासारखं दिसतं.

तक्रार एकच, कानांची. रिव्हेटच्या भोवती तेलाचा चिकट काळा गोल जमतो, जुना टूथब्रश लागतोच. कान तापतात, फडकं जवळ हवं.

किंमत साध्या कढईच्या कितीतरी पट आहे. भाजी-फोडणीच्या कढईवर एवढे पैसे घालणं मला पटलं. आमटीच्या पातेल्यासाठी घालणार नाही. पातळ पदार्थ स्वतःच उष्णता फिरवतो, तिथे जाड तळाचं साधं स्टील पुरतं. खिरीसाठी लहान ट्रायप्लाय पातेलं घ्यायचा विचार आहे, दिवाळीच्या सवलतीत मिळालं तर.