केर्न्सचे वर्षावन आणि स्कायरेल रोपवे: कुटुंबासह जाणाऱ्यांसाठी

ऑस्ट्रेलियातील केर्न्सला मुलाबाळांसह जाणाऱ्यांचे सारे लक्ष ग्रेट बॅरियर रीफकडे असते आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु या किनाऱ्याला लागून असलेले उष्णकटिबंधीय वर्षावनही १९८८ पासून जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहे, आणि त्यासाठी सहलीतला एक पूर्ण दिवस राखून ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

सकाळी जुन्या रेल्वेने कुरांडा गावी चढावे आणि दुपारी स्कायरेल रोपवेने उतरावे, हा क्रम आम्हाला फार सोयीचा पडला. १८९१ मध्ये कुरांड्यापर्यंत पोहोचलेला हा लोहमार्ग पंधरा बोगद्यांतून जातो. प्रवासाला जवळजवळ दोन तास लागतात, तेव्हा मुले ताजीतवानी असतानाच तो उरकलेला बरा. कुरांड्यातील बाजारपेठ ठीक आहे. तिथे जेवून लवकर निघावे.

खरा आनंद आहे तो साडेसात किलोमीटरच्या रोपवेमध्ये. एका ट्रॉलीत सहा जण बसतात, त्यामुळे आजी-आजोबा आणि नातवंडे यांची ताटातूट होत नाही. ट्रॉली झाडांच्या शेंड्यांवरून संथपणे सरकते आणि एरवी मान वर करूनही न दिसणारा जंगलाचा माथा पायाखाली येतो. मात्र मधल्या दोन्ही स्थानकांवर न उतरता थेट खाली येणाऱ्यांचे अर्धे जंगल पाहायचे राहून जाते. पहिल्या स्थानकावरून दिसणारा बॅरन धबधबा पावसाळ्यात, म्हणजे साधारण डिसेंबर ते मार्च या काळात, खऱ्या जोमात असतो. कोरड्या महिन्यांत कातळच अधिक दिसतो. रेड पीक स्थानकावर लाकडी पायवाट आहे आणि तेथील वनरक्षक सोबत फिरून माहिती देतात. ती फेरी चुकवू नये. खोडांवर शिंकाळ्यासारखे अडकलेले बास्केट फर्न वरून गळणारी पाने आपल्यात साठवते आणि ती कुजली की त्यांवरच पोसते, हे जवळून पाहताना आमची मुले बराच वेळ तिथून हलायला तयार नव्हती. वेताच्या काटेरी वेली कपड्यांना पकडतात, म्हणून मुलांना कठड्याच्या आत ठेवावे.

रेड पीक सोडल्यावर उताराला लागताच समोर कोरल समुद्र उघडतो, आणि उतरतानाच तो डोळ्यांसमोर राहतो, हेही हा क्रम निवडण्याचे एक कारण आहे. रेल्वे आणि रोपवे यांचे एकत्रित तिकीट मिळते. सुट्ट्यांच्या दिवसांत ते आधीच काढून ठेवावे.