ब्लीच, तुरटी की महिनाभराचा टब? नवीन झाडं टँकमध्ये लावण्याआधी

फिश टँकसाठी क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्याहून आणलेल्या पाणवनस्पतींच्या जुडीबरोबर गोगलगायी आणि शेवाळ फुकट येतं, कधी चतुराची अळीही येते आणि ती माशांच्या पिल्लांवर ताव मारते. उपाय कोणताही निवडा, आधी जुडीला बांधलेली शिशाची पट्टी आणि मुळांभोवतीचा रॉकवूल (कापसासारखा तंतूंचा गोळा) काढा, सडकी पानं खुडा आणि प्रत्येक पान उलटून पाहा. मागे जेलीसारखा पारदर्शक ठिपका चिकटलेला दिसला तर ती गोगलगायीची अंडी. नखाने खरवडून टाका.

शेवाळ हीच मुख्य डोकेदुखी असेल तर ब्लीच. सुगंध नसलेलं साधं ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइट ४ ते ५ टक्के) ५० मिली आणि पाणी ९५० मिली. अनुबियास, जावा फर्न अशा कडक पानांच्या झाडांना २ मिनिटं, हायग्रोफिलासारख्या देठाच्या झाडांना १ मिनिट पुरे. व्हॅलिस्नेरिया, कॅबोम्बा, हॉर्नवर्ट आणि मॉस यांना ब्लीच दाखवूही नका, पानं विरघळतात. बाहेर काढल्यावर वाहत्या पाण्यात धुवा, मग अँटी-क्लोरीनचा (पाण्यातला क्लोरीन घालवणारं औषध) नेहमीच्या तिप्पट डोस घातलेल्या पाण्यात १० मिनिटं ठेवा. वास राहिला तर पुन्हा अँटी-क्लोरीनच्या पाण्यात बुडवा. हे काम मोरीत, खिडकी उघडी ठेवून, हातमोजे घालून करा.

तुरटी स्वस्त, सौम्य आणि कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडेही मिळते. १ लिटरला सपाट चमचाभर पूड (साधारण ४ ग्रॅम), २ ते ३ तास, मग नीट धुणं. चालत्या-फिरत्या गोगलगायींवर चालते, पण अंड्यांच्या बाबतीत तिच्यावर भरवसा ठेवू नका आणि शेवाळाला ती हातही लावत नाही. एक मात्र कटाक्षाने पाळा: ब्लीच आणि तुरटी एकाच टबात नको. तुरटीचं पाणी आम्लधर्मी असतं, दोन्ही मिसळले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

पोटॅशियम परमँगनेटही काही जण वापरतात. पण ते अंदाजाने, रंग बघून घातलं जातं, डोस चुकला की पानं जळतात आणि बोटं तपकिरी होतात ती वेगळीच. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

खरा भरवशाचा मार्ग वेगळ्या टबाचा. मासे नसलेला १०-१५ लिटरचा टब, रोज ६ ते ८ तास एलईडी, आठवड्याला अर्धं पाणी बदलायचं, मुक्काम ४ आठवडे. नजरेतून सुटलेली अंडी तेवढ्यात फुटतात. रात्री काकडीची चकती टाका, सकाळी गोगलगायींसकट उचला. टबावर मच्छरदाणीचं कापड मात्र ताणून बांधा: साचलेल्या पाण्यात आठवडा-दहा दिवसांत डास तयार होतात आणि पावसाळ्यात पालिकेची माणसं नेमकं तेच शोधत दारात येतात.

जागाच नसेल तर टिश्यू कल्चरचा कप घ्या, म्हणजे प्रयोगशाळेत जेलवर वाढवलेल्या झाडांचा बंद डबा. महाग पडतो, झाडंही इवलीशी असतात, पण गोगलगाय आणि शेवाळ यांचा प्रश्नच मिटतो. जेल साध्या पाण्याने पूर्ण धुवा, राहिलं तर टँकमध्ये कुजतं.

थोडक्यात, मोठ्या माशांचा टँक आणि कडक पानांची झाडं असतील तर ब्लीच पुरतं. नाजूक झाडांना तुरटी आणि वर टबाचा मुक्काम. चेरी श्रिंप (टँकमध्ये पाळतात त्या छोट्या कोळंब्या) असतील तर टब किंवा कप, तिसरा पर्याय नाही. नर्सरीत मारलेलं कीटकनाशक झाडात मुरलेलं असतं, ते कुठल्याच बुडवणीने निघत नाही आणि श्रिंप त्याने आधी मरतात. म्हणून श्रिंपच्या झाडांच्या टबातलं पाणी पहिले दोन आठवडे दर दोन-तीन दिवसांनी पूर्ण बदला.