म्हापशाचा माटोळी बाजार: फळाबरोबर नावही घ्या

माटोळी म्हणजे गोव्यात चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर टांगायची, फळे-शेंगा बांधलेली लाकडी चौकट. तिच्यासाठी चतुर्थीच्या आधी म्हापशात भरणाऱ्या या बाजारात सकाळी लवकर जावे. गोणपाट अंथरून बसलेल्या, स्वतः रान फिरून आलेल्या बायांकडचाच माल घ्यावा. ताजा असतो आणि प्रत्येक फळाचे नाव सांगून मिळते. आधीच बांधून ठेवलेले जुडगे नकोत. आतले कांगलांचे, म्हणजे छोट्या रानफळांचे, घोस दडपून काळे पडतात, घागऱ्यांच्या शेंगा देठापाशी मोडतात.

आंबाड्यांचा घोस हिरवा, घट्ट देठाचा बघा. पिकायला लागलेले आंबाडे देवासमोर गळतात. चिबूड कच्चाच घ्या, पिकला की फुटतो. बांधायला केवणीची, म्हणजे एका रानझुडपाची, साल उत्तम: थोडी भिजवली की वळते. प्लॅस्टिकची दोरी कोवळा देठ कापते. असोला नारळ किलोच्या वर भरतो, तेव्हा नारळांच्या पेंडी कोपऱ्यांना, समोरासमोर बांधा. भार एकीकडे गेला तर चौकट कलते आणि हलकी रानफळे घसरून एका जागी गोळा होतात.

'हे कशासाठी?' असे विचारले तर बाजारभर एकच उत्तर मिळते: समृद्धीसाठी. खरे आहे, पण अपुरे. झांबियातल्या एन्डेम्बू लोकांत राहिलेले मानवशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नर चिन्हाचा अर्थ तीन ठिकाणी शोधत: लोक काय सांगतात, त्या वस्तूचे काय करतात आणि ती कशाच्या शेजारी येते. पांढरा चीक गळणारे मुडी झाड म्हणजे आईचे दूध, असे एन्डेम्बू सांगत. पण मुलगी वयात आल्यावरच्या विधीत बाया त्याच झाडाभोवती नाचत, तेव्हा मुलीच्या आईला त्या रिंगणात घेत नसत. तोंडचा अर्थ एक, वागण्यातला वेगळा.

आता कवंडळ हे रानफळ घ्या. लालभडक, देखणे, पण कडू. घरात कोणी खात नाही. तरी ते नारळाच्या आणि सुपारीच्या शिपट्याच्या (घोसाच्या) बरोबरीने टांगतात. माटोळी उतरली की नारळ, काकडी स्वयंपाकघरात जातात, कवंडळ जात नाही. नुसती समृद्धीच मांडायची असती तर कुळागर (नारळ-सुपारीची बाग) आणि परसातले पीक पुरले असते. ज्याला कोणी पेरले नाही ते रानही गणपतीच्या डोक्यावर त्याच चौकटीत लागते.

म्हणूनच काही दुकानांतली प्लॅस्टिकची फळे घेऊ नयेत. ती दरवर्षी वापरता येतात, पण त्यांच्यासाठी कोणाला रानात जावे लागत नाही, आणि कोणत्या झाडाला कधी फळ धरते हे घरातले कोणी शिकत नाही.

कवंडळ मात्र पोरांच्या हाताला लागणार नाही इतके वर बांधा, लाल रंगाला भुलून ती तोंडात घालतील.