पाकीट, पेटी की मोकळा वेळ?

तीस-चाळीस माणसांचं वर्कशॉप चालवणारे ओळखीतले मालक दिवाळी झाली की हमखास विचारतात, "पोरांना कामाची गोडी लागावी म्हणून काय करू?" पर्याय त्यांनी आधीच काढलेले असतात: बक्षिसाचं पाकीट, सूचनापेटी, नाहीतर स्वतःचं काही करून बघायला वेळ.

मुळात गोडी बाहेरून लावता येत नाही. ज्याला नाद आहे तो ओळखावा लागतो, आणि उशिरापर्यंत थांबणारा तोच असेल असं नाही. त्याला ओव्हरटाइम हवा असेल, त्यात गैर काही नाही. मी पूर्वी जिथे होतो तिथे एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) ऑपरेटर जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, बाहेर आला की मायक्रोमीटर लावण्याआधी अंगठ्याच्या नखानं कडेची बर, म्हणजे कापल्यावर राहिलेली धारदार कोर, चाचपायचा. भंगारातल्या पट्टीचा स्टॉपर करून त्यानं जॉब बसवायचा वेळ जवळपास निम्म्यावर आणला, कुणाला न सांगता. "ड्रॉइंगमध्ये नाही" म्हणून सुपरवायझरनं तो काढायला लावला. त्यानं काढला. पुढे दोन वर्षं काही म्हणून सुचवलं नाही.

आता पाकीट. दिवाळीचा बोनस यात धरूच नका. पात्र कामगाराला किमान ८.३३ टक्के कायद्यानंच द्यावे लागतात, ते कौतुक नव्हे. वेगळं बक्षीस द्यायचं तर आधी जाहीर करायचं का, हा खरा प्रश्न. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली चित्रांची हौस असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला. आधी कबूल करून ज्यांना प्रशस्तिपत्र दिलं, ती मुलं नंतर मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. अचानक दिलेल्यांत ही घट दिसली नाही. फिटर म्हणजे बालवाडीतलं पोर नव्हे, त्याला घर चालवायचंय, हे मान्य. पण 'महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी' बघा: चौथ्या महिन्यापासून पाळी लागते आणि भिंतीवरचा फोटो नुसता फिरत राहतो.

मोकळ्या वेळेची गोष्ट ऐकायला सगळ्यांत छान. अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीत १९४८ पासून कामाच्या वेळेतला १५ टक्के भाग स्वतःच्या कल्पनांना देता येतो. स्पेन्सर सिल्व्हर यांना १९६८ मध्ये हलकेच चिकटणारा आणि सहज सुटणारा गोंद सापडला. चर्चच्या गीतपुस्तकातल्या खुणेच्या चिठ्ठ्या गळून पडायच्या, म्हणून वैतागलेल्या आर्ट फ्राय यांना पुढे त्याचा उपयोग सुचला. पोस्ट-इट अमेरिकेच्या बाजारात आलं १९८० मध्ये. म्हणजे बारा वर्षं! दुसऱ्यांच्या ऑर्डरीवर भाग बनवणाऱ्या जॉबवर्कवाल्याकडे बारा आठवड्यांची उसंत नसते. ४८ तासांच्या आठवड्यात १५ टक्के म्हणजे सात तासांहून जास्त. तेवढा वेळ मशीन उभं ठेवलं तर हप्ता कुठून भरणार? टूलरूममधल्या (हत्यारं-साचे बनवणाऱ्या विभागातल्या) एक-दोघांना शनिवारची दुपार द्या, तेवढं जमतं.

राहिली पेटी. टोयोटानं फोर्डची पद्धत पाहून १९५१ मध्ये सूचना योजना सुरू केली. तिथे किरकोळ सूचनाही चालते आणि बक्षीसही बहुधा किरकोळच. आपल्याकडे पेटीला कुलूप लागतं, चावी एचआरच्या ड्रॉवरमध्ये, आणि सहा महिन्यांनी उघडली की कॅन्टीनच्या चहाची तक्रार निघते. फरक पेटीत नाही, उत्तर किती दिवसांत येतं त्यात आहे.

माझं मत विचाराल तर छोट्या वर्कशॉपला पेटी घ्या, पण कुलपाशिवाय: एक फळा आणि आठवड्यात उत्तर. 'नाही' असेल तर कारणासकट. जमलं तर सुचवणाऱ्याच्याच हातून करून घ्या. पाकीट द्या, पण काम झाल्यावर, न सांगता. पगारच बाजारभावापेक्षा कमी असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून आधी तो वाढवा.

सुरुवात उद्या सकाळीही करता येईल. शॉप फ्लोअरवर एक चक्कर मारा आणि कुठल्या मशीनवर ड्रॉइंगमध्ये नसलेलं काही बसवलंय का ते बघा. दिसलं तर काढायला सांगू नका, कुणी केलं ते विचारा.