किटमधून जोडलेली टेलिकास्टर: तीन ऋतू वाजवल्यानंतर

गेल्या जूनमध्ये इलेक्ट्रिक गिटारचं किट मागवलं. दिवाळीनंतर ती पहिल्यांदा वाजली आणि आता पुन्हा श्रावण लागलाय. म्हणजे थंडी, उन्हाळा आणि पाऊस, तिन्ही तिने पुण्यातच, माझ्या खोलीत काढले. आठवड्यातून चार-पाच दिवस तासभर वाजवते, त्यामुळे आता तिच्याबद्दल खात्रीने काही सांगता येईल.

आधी पैशांचं. किट ९,५०० रुपयांना पडलं. वर तारा पिळायच्या नव्या ट्यूनिंग की २,२००, पॉट (आवाज कमी-जास्त करायची बटणं), स्विच आणि वायर १,४००, हाडाचा नट (नेकच्या टोकाची, तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी) ३०० आणि हत्यारं साधारण ३,०००. एकूण सोळा हजारांच्या पुढे गेले. एवढ्या पैशांत दुकानात चांगली तयार गिटार मिळते, तेव्हा पैसे वाचवायचे असतील तर किटच्या वाटेला जाऊ नका. मला ती आतून कळायला हवी होती. आज एखादी तार खरखरली तर नट, नेक (गिटारची मान), सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) की फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), दोष कुठे आहे हे पाच मिनिटांत शोधता येतं, आणि यासाठीच मी पुन्हा किटच घेईन.

टेलिकास्टरची धाटणी मुद्दाम निवडली, कारण ती मुळातच स्क्रूड्रायव्हरने उघडता यावी अशी केलेली आहे. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, स्वतः गिटार वाजवत नसे. ब्रॉडकास्टर या नावाने त्याने ही गिटार १९५० साली बाजारात आणली. ग्रेच कंपनीच्या ड्रमचं नाव जवळपास तेच निघालं, म्हणून १९५१ मध्ये ती टेलिकास्टर झाली. तेव्हाचे मोठे गिटारवाले नेक सरसाने कायमचा चिकटवत. फेंडरने तो चार स्क्रूंवर बसवला. बिघडला की काढा, दुसरा लावा. दुरुस्ती करणाऱ्याच्या टेबलावरून केलेला हा विचार मला फार आवडतो, आणि नवशिक्या माणसाला तो अजूनही सांभाळून घेतो.

किट उघडल्यावर ड्रिलला हात लावू नका. आधी शिवणाचा दोरा घ्या. नेक नुसता खाचेत बसवा आणि नटच्या दोन्ही कडांच्या खाचांतून ब्रिजपर्यंत, म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या भागापर्यंत, दोरा ताणा. शेवटच्या फ्रेटपाशी दोऱ्याचं फ्रेटबोर्डच्या कडेपासूनचं अंतर दोन्हीकडे सारखं हवं. माझ्याकडे जाड तारेच्या बाजूला पाच मिलीमीटर आणि बारीक तारेच्या बाजूला जेमतेम दीड होतं. ब्रिजची भोकं कारखान्यातच तिरकी पडली होती. तशीच जोडली असती तर पहिली तार बोटाखालून कडेवरून घसरत राहिली असती. विक्रेत्याला फोटो पाठवले, उत्तर आलं नाही. मग उदबत्तीच्या काड्या सोलून, फेविकॉल लावून त्या भोकांत ठोकल्या, रात्रभर वाळू दिल्या, पटाशीने सपाट केल्या आणि पावणेदोन मिलीमीटर सरकवून नवी भोकं पाडली. या किटमध्ये तारा ब्रिजच्या मागूनच ओवायच्या आहेत म्हणून हे जमलं. बॉडीच्या आरपार तारा जाणारं किट असतं तर ब्रिज असा हलवता आला नसता. नटपासून सॅडलपर्यंतचं अंतर ६४८ मिलीमीटर. तेही नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजून, दुप्पट करून ताडून घेतलं.

पॉलिश हा माझा सगळ्यात वाईट अनुभव, आणि चूक माझीच. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने लावायची असं ठरवलं होतं. ती घ्यायला बोहरी आळीत गेले तेव्हा दुकानात उभे असलेले एक वयस्कर पॉलिशवाले काका म्हणाले, "ताई, आषाढात नका करू, पाणी धरतं." मला घाई होती. तिसऱ्या हाताला सगळी बॉडी पांढुरकी झाली, काचेवर वाफ धरावी तशी. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतला दमटपणा थरात अडकतो. सगळं पुसून काढलं, १८० आणि मग ३२० नंबरचा पॉलिश पेपर मारला आणि ऑक्टोबर उजाडायची वाट पाहिली. कोरड्या हवेत तीच लाख, तोच बोळा, आणि असा मधासारखा रंग आला की दोन दिवस ती नुसती टेबलावर ठेवून बघत होते. एप्रिलमध्ये मात्र जिथे कोपराखालचा हात टेकतो तिथे घामाने लाख चिकट झाली. साध्या चपडीत मेण असतं, त्यावर पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर नीट धरत नाही, म्हणून वरून काही मारलं नाही. दोन महिन्यांतून एकदा ओल्या बोळ्याने तेवढा भाग सारखा करते. ज्यांना खूप घाम येतो त्यांनी पहिल्यापासून पीयूच करावं.

आता नट. सगळ्या किटमध्ये तीनशे रुपयांच्या या तुकड्याने जेवढा फरक पाडला तेवढा दुसऱ्या कशानेच नाही. मूळचा प्लॅस्टिकचा नट इतका उंच होता की पहिल्या फ्रेटवर तार दाबताना ताणली जाऊन सूर चढायचा. ट्यूनरवर मोकळी तार बरोबर, पण एफ कॉर्ड धरला की बेसूर. कित्येक जण इथे पिकअपला (तारेच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करणाऱ्या भागाला) किंवा स्वतःच्या बोटांना दोष देतात. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवर बघा. तार आणि फ्रेटमध्ये कागद सरकेल एवढीच फट हवी. माझ्याकडे पोस्टकार्ड सरकत होतं. नटच्या खास कानसी महाग पडतात, म्हणून वेल्डिंगचं नोझल साफ करायच्या पिनांचा संच आणला. त्या बारीक गोल कानसीच असतात. हाडाचा नट बसवून एकेका खाचेत चार-पाच हात मारायचे, तार चढवायची, ऐकायची, उतरवायची.

याच काळात, जानेवारीत, मिरजेला जाणं झालं. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सतारमेकरांच्या गल्लीत एका कारागिराला जवारी लावताना (तारेला झंकार यावा म्हणून घोडी घासताना) अर्धा तास पाहिलं. घोडीवरून कानस अशी अलगद फिरत होती की काही निघतंय असं दिसतच नव्हतं. मग तार छेडायची, मान कलती करून ऐकायचं, पुन्हा दोन हात. माझं नटचं काम त्यापुढे ढोबळ आहे, पण परत आल्यावर मी मापापेक्षा कानावर जास्त भरवसा ठेवू लागले, आणि सगळ्यात बारीक तारेची खाच त्यानंतरच बरोबर आली.

वायरिंगमध्ये तीन गोष्टी निघाल्या. पहिली, तारांना हात लावला की गुणगुण कमी व्हायला हवी, इथे ती वाढायची. ब्रिजखालून येणारी अर्थची वायर जोडलेलीच नव्हती. दुसरी, पॉट ५०० के (किलोओहम) चे होते, त्यामुळे सिंगल कॉइलचा (एकाच कॉइलच्या पिकअपचा) आवाज कानाला टोचायचा. तपकीर गल्लीतून २५० के चे दोन आणले, ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला आणि आवाज लगेच गोलसर झाला. तिसरी जरा किचकट. स्विच मध्ये ठेवला की दोन्ही पिकअप मिळून भरदार आवाज यायला हवा, तर येत होता पातळ, नाकातला. एक पिकअप पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढत असला की खर्ज एकमेकांत जिरून जातो. उपाय म्हणजे एका पिकअपच्या दोन वायरी उलट करणं. पण नेककडच्या पिकअपचं धातूचं झाकण त्याच्या अर्थच्या वायरीला जोडलेलं असतं. नुसती अदलाबदल केली तर झाकणातून सिग्नल वाहतो आणि बोट लागताच गुणगुण सुरू. तो छोटा जोड कापून झाकणाला स्वतंत्र अर्थ द्यावी लागते. केसाहून बारीक कॉइलची तार शेजारीच असते, तेव्हा सोल्डरिंग आयर्न हातात घेऊन इथे अजिबात घाई नको.

आतल्या खाचांना तांब्याची चिकटपट्टीही लावली. तिने एलईडी दिव्यांची किरकिर गेली, पण विजेची ५० हर्ट्‌झची गुणगुण तशीच आहे. ती सिंगल कॉइलच्या स्वभावातच असते. पिकअप मूळचेच ठेवलेत आणि मला ते मनापासून आवडतात.

हवेचा परिणाम. मार्चमध्ये फ्रेटची टोकं तळहाताला टोचू लागली. लाकूड सुकून आकसतं, धातू आकसत नाही. फ्रेटबोर्डला मास्किंग टेप लावून बारीक कानशीने टोकं उतरवली, दोन संध्याकाळचं काम. जूनच्या अखेरीस उलट झालं. नेकने दमटपणा ओढला आणि तारा उंचावल्या. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्यावर फट मोजायची असते. ती ०.२५ मिलीमीटरवरून ०.४० झाली होती. मोजायला दुचाकीचे मेकॅनिक टॅपेट सेट करताना वापरतात तेच फिलर गेज वापरते, खास गिटारचं घ्यायची गरज नाही. ट्रस रॉडला (नेकचा वाक कमी-जास्त करणाऱ्या आतल्या सळईला) अॅलन कीने पाव फेरा दिला, रात्रभर थांबले, सकाळी पुन्हा मोजलं. एका दमात पाव फेऱ्यापेक्षा जास्त कधीच देऊ नका.

क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे आणि त्याच्या वडिलांनी १९६३ मध्ये घरीच गिटार करायला घेतली तेव्हा जुन्या फायरप्लेसच्या चौकटीचं लाकूड नेकला वापरलं आणि ट्रेमोलोला (तारांचा ताण बदलून सूर हलवणाऱ्या यंत्रणेला) जुन्या मोटारसायकलचे व्हॉल्व्हचे स्प्रिंग लावले. फिलर गेज हातात घेतलं की मला ते बापलेक आठवतात. योग्य वस्तू हाताशी नाही म्हणून त्यांचं काम अडलं नाही.

नवीन किट घेणाऱ्यांनी पैसे आधी नटवर, मग फ्रेटवर, मग पॉट आणि स्विचवर घालावेत. पिकअप बदलायचे असतील तर सहा महिने वाजवून झाल्यावर. माझ्या किटच्या ट्यूनिंग की मात्र पहिल्या आठवड्यातच सैल पडल्या होत्या, त्या बदलण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

एक काम राहिलंय. दुसरी तार चौदाव्या फ्रेटला लागून अजून खरखरते, तो फ्रेट शेजाऱ्यांपेक्षा किंचित वर आहे. पण पावसात फ्रेट घासायचे नाहीत, कारण आज नेक ज्या आकारात आहे तो ऑक्टोबरात राहणार नाही. दसरा झाला की एखाद्या कोरड्या रविवारी तारा उतरवीन, नेक सरळ करीन, फ्रेटचे माथे काळ्या मार्करने रंगवीन आणि शाई सगळीकडून सारखी निघेपर्यंत सपाट पट्टीवर चिकटवलेला पेपर फिरवीन.