गुहागरची सागवानी माची: चार पावसाळ्यांनंतर

पाहुणे तिला डेक म्हणतात, सासूबाई माची म्हणतात. आमच्या दोन भाड्याच्या खोल्यांपुढची ही सोळा बाय दहा फुटांची लाकडी बैठक. घर गुहागरात, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर, भोवती नारळी-पोफळीची वाडी. एप्रिल २०२१ मध्ये ती जुन्या सागवानात बांधून घेतली. येणारा प्रत्येक दुसरा पाहुणा विचारतो, "कोकणातल्या पावसात हे लाकूड टिकतं कसं?" म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहिते. पहिल्या डेकने आम्हाला जे शिकवलं, तेही लिहिते, कारण खरं शिक्षण तिथेच झालं.

पहिला डेक २०१८ मधला, पाइनचा. विकणाऱ्याने "केमिकल ट्रीटमेंट केलेलं आहे, दहा वर्षं बघायला नको" असं सांगितलं होतं. लाकडाला औषध पाजलेलं असेलही, पण फळ्या जागेवर मापात कापल्या आणि कापलेली तोंडं तशीच उघडी ठेवली. लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं ते या तोंडांतूनच. शिवाय खालच्या पट्ट्या थेट जांभ्या दगडावर टेकवलेल्या. जांभा पावसात स्पंजासारखा भिजतो आणि दिवाळीपर्यंत ओलाच राहतो. वर मी माझ्या परीने काळजी म्हणून निळी ताडपत्री बांधली. पावसाळाभर आत वाफ कोंडली आणि ऑक्टोबरात ताडपत्री काढली तेव्हा फळ्यांच्या कडेला अळंबी उगवलेली होती. दुसऱ्या वर्षी गणपतीत सासूबाईंची काठी फळीतून आरपार गेली. त्या पडल्या नाहीत, खांब धरला होता म्हणून. तेव्हा त्या ऐंशीच्या होत्या. त्या दिवशी मी ठरवलं, की पुढचं लाकूड मी स्वतः हात लावून, विचारून, समजून घेणार.

चिपळूणपासून पुण्यापर्यंत फिरले. नवं सागवान पाहिलं. आपल्याकडचं चंद्रपूर-गडचिरोलीचं सागवान फार चांगलं, दाट रेषांचं. सुतार त्याला अजून सीपी म्हणतात, इंग्रजांच्या काळातल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसवरून. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहून लाकूड गेलं ते हेच. पण आम्ही शोधत होतो तेव्हा ते आमच्या आवाक्याबाहेर होतं. स्वस्तात मिळत होतं ते परदेशातल्या लागवडीचं, कमी वयात तोडलेलं. त्याच्या फळीच्या एका किंवा दोन्ही कडांना पांढरट पट्टा दिसायचा. हा पट्टा म्हणजे झाडाचा बाहेरचा, कच्चा भाग. सागवानाची सगळी कीर्ती आतल्या तपकिरी गाभ्याची आहे. तेल आणि टिकाऊपणा तिथे असतो. पांढऱ्या भागाला वाळवी आणि बुरशी इतर कुठल्याही लाकडासारखीच लागते. सागवान म्हणून पैसे मोजायचे आणि तिसरा हिस्सा पांढरा घरी आणायचा, हे मला पटेना.

शेवटी पुण्यात, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये, जुन्या लाकडाच्या एका वखारीत थांबले. पाडलेल्या वाड्यांच्या तुळया, खांब, कडीपाटाच्या फळ्या छतापर्यंत रचलेल्या. वखारीच्या मालकांनी मला घाई केली नाही याबद्दल त्यांना पूर्ण गुण. एका काळ्याकुट्ट तुळईवर त्यांनी रंधा मारून दाखवला. काजळीच्या खाली मधासारखा रंग आणि ओल्या चामड्यासारखा तो ओळखीचा वास. ताजा रंधलेला भाग बोटांना किंचित तेलकट लागतो. मी आठ तुळया निवडल्या, घनफुटाला २,६०० रुपये. एक तुळई नंतर चिरताना आतून पोकळ निघाली, तिचे पैसे फोनवरच्या एका फोटोवर परत मिळाले. पावती मात्र आग्रहाने मागून घ्या. सागवान गाडीत घालून घाटातून आणायचं तर वाटेत विचारणा होऊ शकते. आमची गाडी कराडवरून कुंभार्ली घाटाने आली, कागद सगळे सोबत होते.

जुनं लाकूड स्वस्त पडतं असं कोणी सांगितलं तर हिशेब पुरता करा. सात तुळयांचं माप भरलं साडेचोवीस घनफूट, आणि फळ्या हाती आल्या पंधरा घनफूट. तुळईची दोन्ही टोकं, जी भिंतीत गाडलेली असतात, ती बहुतेक कुजलेली असतात. ती नऊ-नऊ इंच कापून टाकली. खाचा, भोकं, करवतीचा भुसा हे वेगळंच. म्हणजे पदरात पडलेला भाव सव्वाचार हजारांच्या घरात गेला, आणि चिरकाम त्यावर. सॉ मिलवाल्यांनी तर आधी खिळे काढल्याशिवाय तुळयांना हात लावायला नकार दिला, आणि त्यांचं बरोबरच होतं. एक घडीव चौकोनी खिळा आत राहिला तरी पातं जातं. आमच्या सुतारकाकांनी दोन दिवस लोहचुंबक फिरवून किलोभर खिळे काढले.

तरीही मी पुन्हा तेच घेईन. त्या तुळया ज्या झाडांच्या होत्या, ती झाडं पूर्ण वाढलेली होती. चिरलेल्या पंधरा घनफुटांत पांढरा भाग शोधून सापडत नव्हता. आणि इतकी वर्षं छपराखाली वाळलेलं लाकूड आता वाकत नाही, पीळ घेत नाही. तरी चिरल्यावर आम्ही फळ्या दोन महिने गोठ्यात, मध्ये रिपा घालून, रचून ठेवल्या. पुण्याची कोरडी हवा सोडून कोकणातल्या दमट हवेत आल्यावर लाकूड थोडं फुगतं. ते फुगणं आधी होऊन जाऊ दे, मग ठोका.

खालच्या आधाराला सागवान वापरलं नाही. तिथे ऐनाचं लाकूड. कोकणात वाशांना, होड्यांना ऐन पिढ्यान् पिढ्या वापरतात. जड आणि चिवट. ऐनाला काजूच्या टरफलांच्या तेलाचे दोन हात दिले. हे तेल वाळवीला दूर ठेवतं, पण कातडी जाळतं. आधी हातांना खोबरेल चोळून, वर हातमोजे घालूनच हात लावावा. काकांच्या मुलाने एकदा हातमोज्यांशिवाय डबा उचलला आणि त्याच्या मनगटावर आठवडाभर फोड होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यासाठी हे लिहायला बसले. लाकूड कुठलं, यापेक्षा पाणी कुठे थांबतं हे आधी बघा. काकांनी पहिल्या दिवशी जागेवर बादलीभर पाणी ओतून ते कुठे जातं ते पाहिलं, मगच सुतळी ताणली. जमिनीपासून दीड फूट उंच, खालून वारा आरपार. जांभ्याच्या प्रत्येक खांबावर काळ्या दगडाची लादी, तिच्यावर रबराचा तुकडा, मग ऐन. घराकडून बाहेर हलका उतार. ऐनाच्या पट्ट्यांच्या माथ्यावर ब्युटिल रबराची चिकट टेप, कारण स्क्रूच्या भोकातून पाणी उतरतं आणि तिथूनच कुजायला सुरुवात होते. दोन फळ्यांत सहा मिलिमीटर फट. प्रत्येक कापलेल्या तोंडाला त्याच दिवशी तेल, संध्याकाळ होऊ द्यायची नाही. पहिल्या डेकमध्ये यातलं एकही केलेलं नव्हतं. तिथे सागवान असतं तरी पाच-सहा वर्षांत गेलं असतं, असं काकांचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं.

स्क्रूबद्दल एवढंच, की समुद्राजवळ राहात असाल तर ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टीलच घ्या. साधं स्टेनलेस म्हणून मिळतं ते बहुधा ३०४ असतं, खाऱ्या वाऱ्यात त्यावर चहासारखे डाग येतात. लोखंडी खिळा तर सागवानावर स्वतःभोवती काळं वर्तुळ उमटवतो. आम्हाला आठशेच्या आसपास स्क्रू लागले. ह्यांनी मुंबईहून, नागदेवी स्ट्रीटवरून आणले. महाग वाटले होते. आज एकावरही गंज नाही.

काम शिमग्यात तीन आठवडे थांबलं, कारण शिमग्यात कोकणात सुतार मिळत नाही, आणि मिळूही नये. पालख्या नाचवून माणसं परत आली, एप्रिलअखेर माची पुरी झाली आणि तिसऱ्याच आठवड्यात तौक्ते वादळ आलं. एक सुकलेली झावळ थेट वर आदळली. एका फळीला नखाएवढी खाच पडली, बाकी काही नाही.

देखभालीत मी चुका केल्या, त्या सांगते. पहिल्या वर्षी कच्चं जवसाचं तेल लावलं, जुन्या माणसांनी सांगितलं म्हणून. कोरड्या गावात ते चालत असेल. आमच्याकडे श्रावणापर्यंत सगळ्या फळ्यांवर काळ्या बुरशीचे ठिपके. दुसऱ्या वर्षी बुरशीरोधक आणि उन्हापासून रंग राखणारं डेक ऑइल लावलं. त्याचा नियम पाळा: पातळ हात, वीस मिनिटांनी उरलेलं तेल फडक्याने पुसून घ्या, नाहीतर चिकटा बसतो आणि धूळ धरतो. ती तेलकट फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सुकणारं तेल उष्णता सोडतं आणि बोळ्याला आपोआप आग लागू शकते. पाण्याच्या बादलीत टाका किंवा दोरीवर पसरून वाळवा. व्हार्निशच्या वाटेला जाऊ नका. उन्हापावसात त्याचा पापुद्रा फुटतो, आत पाणी शिरतं आणि बाहेर पडायला वाट राहत नाही.

तिसऱ्या वर्षापासून उघड्या भागाला तेल लावणं मी थांबवलं. सागवानाच्या गाभ्याला टिकण्यासाठी वरच्या तेलाची गरज नसते. तेल रंगासाठी असतं. उन्हाने तो भाग आता चंदेरी करडा झालाय, बंदरावरच्या जुन्या होडीसारखा, आणि मला तो मधाळ रंगापेक्षा अधिक आवडतो. छपराखालच्या चार फुटांना मात्र दरवर्षी दिवाळीनंतर एक हात देते.

रोजचं काम साधं आहे. फटींत माडाची फुलं, पोफळीचा कचरा अडकतो आणि कचरा ओल धरतो. खराट्याच्या हिराच्या काडीने फटी साफ करायच्या, आठवड्यातून एकदा. पावसाळ्यात शेवाळ धरतं तेव्हा रिठ्याचं पाणी आणि मऊ ब्रश, रेषांच्या दिशेने. प्रेशरचं मशीन लावू नका. सफाईला बोलावलेल्या मुलांनी एकदा ते लावलं आणि लाकडाचे तंतू उभे राहून पृष्ठभाग बोचरा झाला. पॉलिश पेपरने घासायला चार दिवस गेले. अनवाणी चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या पायात कुसळ जाणं मला परवडणारं नाही.

लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या डब्ल्यूपीसीच्या फळ्यांबद्दल बरेच जण विचारतात. शेजारच्या वाडीत आहेत. वाळवी लागत नाही, तेल नको, हे खरं. पण मे महिन्यात दुपारी त्यावर पाय ठेववत नाही, आणि दोन आधारांमधलं अंतर जास्त पडलं तिथे फळ्या मध्ये खचल्यात. ज्यांना वर्षातून दोनदाच गावी यायचं आहे त्यांनी त्या जरूर घ्याव्यात.

माझे गुण: जुन्या सागवानाला पाचापैकी पाच, वखारीला साडेचार, कारण तुळयांची माहिती चोख होती पण गाडी चार दिवस उशिरा आली. सुतारकाकांना गुण देण्याएवढी मी मोठी नाही.

सासूबाई अजून रोज सकाळी तिथे बसून अबोलीचे वळेसर ओवतात. मे महिन्यात आमसुलं वाळत घालतात. कोकमाच्या रसाचा एक जांभळा डाग पायरीजवळ पक्का बसलाय, तो मी घासलेला नाही. नळाजवळच्या दोन फळ्यांची टोकं मात्र या हिवाळ्यात नरम लागली, तिथे पाणी रोज सांडतं. गोठ्यात सहा फळ्या राखून ठेवल्यात. शिमगा झाला की काका येऊन दोन बदलतील, आणि त्याआधी नळ दोन फूट पलीकडे न्यायचाय.